एका भयाचा इतिहास

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात गुल्मरोगाचे विवेचन करताना 'रक्तगुल्म' नावाचा एक प्रकार सांगितला आहे. हा विकार केवळ स्त्रियांनाच होतो. त्यात ऋतुस्राव थांबतो, उदर वाढू लागते आणि बहुतेक लक्षणे गर्भधारणेसारखी दिसतात. पोटातील पिंड स्पंदन पावतो, परंतु गर्भाप्रमाणे त्याचे अवयव वेगवेगळे हालत नाहीत, सबंध गोळाच हालतो, एवढा सूक्ष्म भेदही ग्रंथकाराने नोंदविला आहे. इतके करूनही त्याचा अखेरचा उपदेश असा की, दहावा महिना उलटल्याखेरीज ह्या रोगाच्या चिकित्सेस हात घालू नये. ह्या उपदेशाचे कारण उघड आहे. आत गर्भ आहे की गाठ, हे निःसंशय सांगणारे साधन त्या काळी एकच होते, आणि ते म्हणजे काळ.

वैद्याच्या दृष्टीने हा उपदेश शहाणपणाचाच होता. परंतु ते दहा महिने वैद्याने काढावयाचे नव्हते, त्या स्त्रीने काढावयाचे होते. पाळणा बांधावा की नाही, माहेरी निरोप धाडावा की नाही, आपल्या पोटी जीव वाढतो आहे की मृत्यू, ह्या प्रश्नांसह ती रोज पहाटे उठून जात्यावर बसत असेल. तिच्या मनाचे काय झाले असेल, हा प्रश्न वैद्यकाच्या ग्रंथाचा नव्हता. पण इतिहासाचा तो आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. अंडाशयाच्या कर्करोगाचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, शास्त्राने दर टप्प्यावर एक जुनी अनिश्चितता दूर केली आणि तिच्या जागी एक नवी आणून ठेवली. भय सर्वस्वी कधीच गेले नाही. मात्र ते सोसण्याजोगे कशाने झाले, ह्याचा काही बोध ह्या इतिहासातून निश्चित होतो.

प्रथम शब्दांचीच गोष्ट घ्या. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काय किंवा इतरत्र काय, घरातील वडीलधाऱ्या बायका 'पिशवी' म्हणतात तेव्हा त्यांना गर्भाशय अभिप्रेत असते. त्याच्या दोन बाजूंस बदामाएवढी जी दोन अंडाशये असतात, त्यांना घरगुती बोलीत नावच नाही. पोटात गोळा फिरला की त्यास 'वायगोळा' म्हणावे, ओवा-हिंग द्यावे, आणि विसरून जावे, अशी रीत. ज्या अवयवाला नाव नाही त्याच्या दुखण्याला घरात जागा कोठून मिळणार? म्हणूनच डॉक्टरांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला जातो तेव्हा अवयवाची ओळख आणि त्याच्या रोगाची ओळख ह्या दोन्ही एकाच क्षणी होतात. ह्या आघाताचा अर्धा भाग रोगाचा असेल, पण उरलेला अर्धा अपरिचयाचा असतो.

आता चरकाचे दहा महिने मनात ठेवून आपण अमेरिकेतील केंटकी प्रांताकडे वळू. तेथे 1809 साली जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या, पंचेचाळिशी उलटलेल्या एका गृहिणीचे पोट असेच वाढले होते. प्रसूतीचा काळ उलटून गेला तरी मूल होईना, आणि स्थानिक डॉक्टरांची समजूत मात्र ती गर्भवती असल्याचीच होती. शेवटी डॅनव्हिल गावचे शस्त्रवैद्य एफ्राइम मॅक्डॉवेल ह्यांस पाचारण करण्यात आले. त्यांनी तपासून सांगितले की हा गर्भ नव्हे, अंडाशयाची गाठ आहे. त्यापुढे त्यांनी जे केले ते वैद्यकाच्या इतिहासात विरळा होय. अशी गाठ उदर उघडून काढण्याचा मार्ग रुळलेला नाही, हा केवळ एक प्रयोग ठरेल, आणि त्यात प्राण जाण्याचा संभव मोठा आहे, हे त्यांनी त्या बाईला स्पष्ट समजावून दिले. डॅनव्हिलला आलात तर मी तो प्रयोग करीन, एवढेच वचन त्यांनी दिले. जेनबाईंनी विचार केला आणि डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत साठ मैल घोड्यावर बसून त्या डॅनव्हिलला गेल्या. नाताळच्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची विद्या जगाला अद्याप ठाऊक नव्हती. बाई स्तोत्रे म्हणत होत्या असे सांगतात. पंचवीस मिनिटांत सुमारे दहा किलो वजनाची गाठ निघाली. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहावयास गेले तो बाई स्वतः उठून आपले अंथरूण आवरीत होत्या! त्या पुढे बत्तीस वर्षे जगल्या आणि 1842 मध्ये वारल्या.

ती गाठ बहुधा कर्करोगाची नसावी, असे आज तिच्या वर्णनावरून म्हणता येते. कर्करोग असता तर एवढे आयुष्य लाभणे कठीण होते. परंतु हे जेनबाईंना ठाऊक नव्हते आणि मॅक्डॉवेल ह्यांनाही ठाऊक असणे शक्य नव्हते. ह्या कथेतील शौर्याचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला तीत अधिक मोलाची वाटते ती एक लहानशी गोष्ट. डॉक्टरांनी बाईला धीर दिला नाही. त्यांनी तिला माहिती दिली. काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि पुढचे पाऊल कोणते, ह्या तीन गोष्टी तिच्या हाती आल्या, आणि साठ मैलांचा रस्ता चालून जाण्यास तेवढे पुरले.

पुढील शंभर वर्षांत पुष्कळ झाले. 1846 मध्ये ईथरची भूल आली, 1867 मध्ये लिस्टर ह्यांची जंतुनाशक पद्धती आली, आणि इंग्लंडात स्पेन्सर वेल्स ह्यांनी 1880 पर्यंत अशा हजार शस्त्रक्रिया पूर्ण केल्या. आपले यश तेवढे छापावयाचे आणि अपयश झाकावयाचे, ही वहिवाट वेल्स ह्यांनी पाळली नाही. किती रोगी वाचले आणि किती दगावले ह्याचा हिशेब ते प्रसिद्ध करीत. 1858 मध्ये फिर्खो ह्यांनी पेशींचे विकृतिशास्त्र मांडले आणि गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती सौम्य की मारक हे सांगता येऊ लागले. चरकाचा प्रश्न अशा रीतीने सुटला. परंतु त्याच क्षणी दुसरा प्रश्न जन्मास आला: गाठ मारक आहे हे तर समजले, आता आयुष्य किती? पूर्वी शंका छळीत असे; आता नाव छळू लागले.

आपल्या देशात ह्या नावाला सामोरे जाण्याचा पहिला मोठा संघटित प्रयत्न एका वैयक्तिक शोकातून उभा राहिला. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय बांधण्यात आले आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते उघडले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी वाहिली, आणि त्यांच्या हाताखाली पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल समर्थ, म्हणजे विवाहानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, तयार झाल्या. 1949 मध्ये डॉक्टरेट मिळवून त्या बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, आणि परत येऊन त्यांनी मुंबईत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. कर्करोग आणि आनुवंशिकता ह्यांच्या संबंधाचा उंदरांवर अभ्यास त्यांनी त्या काळात केला, जेव्हा पुष्कळांस तो संबंध दूरचा वाटत होता. ज्या रोगाचे नाव घरात कुजबुजत घेतले जाई, त्याच्याकडे एक मराठी स्त्री रोज सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहत होती, ही गोष्ट आमच्या मुलींना सांगण्याजोगी आहे.

कुजबुज मात्र थांबली नाही. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत ज्यांची भजने आजही म्हटली जातात ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 मध्ये कर्करोगानेच गेले, आणि नागपूरचे कर्करोग रुग्णालय आज त्यांच्याच नावाने उभे आहे. एवढ्या मोठ्या पुरुषाचा आजार साऱ्या प्रांताला ठाऊक असू शकतो. पण घरातील बाईचा आजार तिला स्वतःलाच ठाऊक नसतो, असा चमत्कार आमच्याकडे अद्याप घडतो. रिपोर्ट मुलाच्या खिशात राहतो. नवरा, दीर, जावई ह्यांची बैठक माजघरात होते, आणि बाईला सांगितले जाते की साधी गाठ आहे, काढली की झाले. ह्यात दुष्टावा नसतो, प्रेमच असते. परंतु त्या बाईला आजूबाजूचे चेहरे वाचता येतात. आपल्या बाबतीत काही लपविले जात आहे एवढे तिला कळते. काय, ते कळत नाही. म्हणजे शास्त्राने अडीच हजार वर्षे झटून जी शंका दूर केली, ती आपण प्रेमापोटी तिच्या उशाशी परत आणून ठेवतो. वर तिला एकटी पाडतो ते निराळेच. कारण ज्या भयाचा उच्चार करावयाचा नाही ते कोणाशी वाटून घेता येत नाही.

ह्याच्या जोडीला दुसरा एक अन्याय होतो, तो दोष देण्याचा. 'आधी का नाही सांगितलेस? अंगावर काढलेस, म्हणून हे झाले,' हे वाक्य ऐकावे लागले नाही अशी रोगी स्त्री विरळाच. ह्या बाबतीत शास्त्राचा पुरावा जरा लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. अंडाशये ओटीपोटात खोल असतात. तेथील गाठ मोठी होईपर्यंत कशावर दाबत नाही. पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घास खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीस लागणे, ही तिची लक्षणे. आणि ही तर अपचनाची म्हणून कोणीही सोडून द्यावीत अशी. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर एक प्रचंड प्रयोग झाला. लक्षणे नसताना दरसाल रक्ताची वा सोनोग्राफीची तपासणी केली तर ह्या रोगाचे मृत्यू कमी होतात काय, हे त्यात पाहावयाचे होते. 2021 मध्ये त्याचा अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मृत्यू कमी झाले नव्हते. जेथे साधने, पैसा आणि वीस वर्षांची चिकाटी ह्यांनाही हा रोग वेळीच पकडून मृत्यू टाळता आला नाही, तेथे घाटंजी किंवा झरी-जामणीच्या एखाद्या शेतकरणीने तो पोटदुखीवरून ओळखावयास हवा होता, असे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? वर सांगितलेली लक्षणे नवी असतील आणि दोन-तीन आठवडे रोज टिकून राहिली तर डॉक्टरांकडे जावे, हा उपदेश योग्यच. परंतु तो पुढच्यांसाठी आहे. जी आज अंथरुणावर आहे तिला त्याचा चाबूक करून मारू नये.

आणखी एक गोष्ट. रिपोर्ट हाती येण्यापूर्वीच घराघरांतून निकाल लागलेला असतो. सी.ए. 125 नावाची रक्ततपासणी 1981 पासून माहीत झाली; तिचा आकडा वाढलेला दिसला की घरात रडारड सुरू होते. परंतु हा आकडा इतर कारणांनीही वाढतो, आणि आपल्या देशात त्यांपैकी एक कारण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे: पोटातील क्षयरोग. त्यातही पोटात पाणी साठते, वजन उतरते, गाठीसारखे काही हाताला लागते, आकडाही चढतो. आणि तो क्षय तर औषधांनी बरा होतो. म्हणून तुकडा अथवा पाणी तपासून विकृतिशास्त्रज्ञाने निर्णय देईपर्यंत जे आपल्यापाशी असते ते भय असते, ज्ञान नव्हे. चरकाने दहा महिने थांबावयास सांगितले. आज बहुधा काही दिवसांचेच थांबणे असते. तेवढे थांबता येणे हीदेखील एक विद्या आहे.

निदान पक्के झाल्यावर उपचाराचा प्रश्न येतो, आणि येथे आपल्या महाराष्ट्राचा एक धागा साऱ्या जगाशी जोडलेला आहे. मनसुख छगनलाल वाणी ह्यांचा जन्म 1925 मध्ये नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेस गेले आणि तेथे मन्रो वॉल ह्यांच्यासमवेत वनस्पतींतील औषधी द्रव्यांचा शोध घेऊ लागले. पॅसिफिक किनाऱ्यावरील यू नावाच्या एका वृक्षाच्या सालीतून त्यांनी टॅक्सॉल हे द्रव्य वेगळे केले व 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. ह्याच कुळातील थुनेर वृक्ष आपल्या हिमालयातही आहे. साल थोडी, द्रव्य त्याहून थोडे, ते पाण्यात विरघळेना. कित्येक वर्षे ते तसेच पडून राहिले. 1979 मध्ये सुझन हॉर्विट्झ ह्यांनी ते पेशीच्या विभाजनास कसे रोखते हे दाखविले, आणि 1992 च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला प्रथम मान्यता मिळाली ती अंडाशयाच्या कर्करोगासाठीच. ह्याच जोडीने त्यापूर्वी, 1966 मध्ये, एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन नावाचे दुसरे द्रव्य शोधले होते. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या ह्या झाडातही सापडते. 2020 मध्ये वाणी वारले. आज नागपुरात किंवा सेवाग्रामला आमच्या जिल्ह्यातील एखादी बाई शिरेत सलाईन लावून केमो घेत असते तेव्हा त्या बाटलीत बहुधा एका नंदुरबारकराचे परिश्रम थेंबाथेंबाने उतरत असतात.

तरीही 'किती दिवस?' हा प्रश्न उरतोच. डॉक्टर आकडा सांगतात, आणि तो आकडा घरात शिक्षेच्या मुदतीसारखा ऐकला जातो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड ह्यांना 1982 मध्ये दुसऱ्या एका जातीचा दुर्धर कर्करोग झाला. ग्रंथात पाहिले तो निदानानंतरचे मध्यमान आयुष्य आठ महिने! गूल्ड ह्यांना संख्याशास्त्र अवगत होते. त्यांनी स्वतःला समजावले की मध्यमान आठ महिने ह्याचा अर्थ निम्मे रोगी आठ महिन्यांहून अधिक जगतात; आणि त्या निम्म्यांतील काहींचे आयुष्य कितीतरी लांब पसरलेले असते. आकडा समूहाचा असतो, व्यक्तीचा नसतो. ते पुढे वीस वर्षे जगले. प्रत्येकाच्या वाट्याला वीस वर्षे येतील असे ह्यावरून कोणी समजू नये. ती खोटी आशा होईल. अंडाशयाचा कर्करोग पहिल्या अवस्थेत सापडला तर बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. पसरल्यावर सापडला तर मार्ग कठीण होतो, आणि रोग पुन्हा उलटण्याची धास्ती राहते. हे दोन्ही खरे आहे व दोन्ही सांगितले पाहिजे. ज्याला आकड्याचा अर्थ कळला त्याचे भय नाहीसे होत नाही. पण ते आपल्या खऱ्या मापाचे होते.

शेवटची अनिश्चितता अगदी अलीकडची आहे, आणि ती रोग्याची नसून तिच्या लेकीबाळींची आहे. 1990 मध्ये मेरी-क्लेअर किंग ह्यांनी स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाशी निगडित अशा एका जनुकाचे स्थान दाखविले, आणि 1994 मध्ये ते जनुक हाती आले, त्यास बी.आर.सी.ए. 1 म्हणतात. कमलाबाईंचा आनुवंशिकतेचा विचार अशा रीतीने पुढे फळास आला. आता निरोगी मुलीलाही विचारता येते की, आईचा वारसा माझ्याकडे आला आहे काय? काहींना हे ज्ञान नकोसे वाटेल. परंतु त्याच ज्ञानावर आधारलेले एक नवे औषध 2014 पासून रोग्यांना मिळू लागले आहे, आणि ज्या मुलीत तो दोष आढळेल तिला वेळीच सावध होता येते. जुने दार बंद करून नवे दार उघडे टाकण्याची शास्त्राची रीत येथेही दिसते.

मग ह्या साऱ्या इतिहासाचा बोध काय? आमच्या काळ्या जमिनीत कपाशी लावणारा शेतकरी अनिश्चिततेत जन्मतो आणि तिच्यातच वावरतो. परंतु मृगाच्या तोंडावर तो साऱ्या वर्षाचा पाऊस विचारीत बसत नाही. तो मातीची मूठ उचलतो आणि एवढेच पाहतो की, वापसा आला की नाही. आज पेरावयाचे की थांबावयाचे, ह्या एका प्रश्नाचे उत्तर त्याला पुरते. दिवाळीचा प्रश्न तो दिवाळीसाठी ठेवतो. हीच रीत येथे उपयोगी पडते. गाठ कशाची, हा पहिला प्रश्न. पसरली किती, हा दुसरा. शस्त्रक्रिया आधी की केमो आधी, हा तिसरा. खर्चाचे काय आणि शासनाच्या जन आरोग्य योजनेतून किती होईल, हा चौथा. एका दिवशी एकच प्रश्न घ्यावा, तो कागदावर लिहून डॉक्टरांपुढे न्यावा, आणि त्याचे उत्तर जिचे पोट आहे तिला प्रथम ऐकू द्यावे. तिने ऐकावयाचे नाही असे म्हटले तर तोही तिचा अधिकार. पण तो तिने वापरावयाचा, तिच्या वतीने इतरांनी नव्हे.

आणि दुसरे, सोबत. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर; मुंबई तर सहाशेहून अधिक. जेनबाईंचे साठ मैल आजही आमच्या बायकांना निराळ्या वाहनाने काटावेच लागतात. परगावच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना रात्री पाठ टेकण्यास जागा हवी, ही गोष्ट ज्याने खराटा हाती घेऊन आयुष्य काढले त्या विदर्भातील एका संताला फार पूर्वी कळली होती. गाडगेमहाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज टाटा रुग्णालयाच्या रोग्यांना आसरा देते. औषध डॉक्टर देतील, परंतु रिपोर्टची वाट पाहताना बाकावर शेजारी बसणे हे घरच्या माणसाचे काम आहे. तेथे 'काही होत नाही' असे म्हणण्याची गरज नाही, कारण ते आपल्याला ठाऊक नसते आणि आपल्याला ठाऊक नाही हे तिला ठाऊक असते. 'आज काय कळणार आहे ते आपण दोघे मिळून ऐकू,' एवढे म्हणता आले तरी पुष्कळ झाले.